पिकअप पहाटे सेल्फ घेत नाही, दुपारी घेते: बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमची गाडी याच दुखण्याची आहे का ते लगेच कळेल. डिझेल पिकअप, सात वर्षांची, कॉमन रेल इंजिन (कॉम्प्युटरच्या हुकमाने जास्त दाबाचं डिझेल फवारणारं), 12 व्होल्टची एकच बॅटरी. रात्री नीट बंद केलेली. पहाटे चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, पण सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, एकदाच ‘टक्’ करतो आणि गप्प. कधी टक् केल्यावर इंजिनाला अर्धा फेरा देतो आणि चिखलातल्या म्हशीसारखा बसतो. चार-पाच वेळा चावी मारली की असा काही उचलतो की जणू काही झालंच नव्हतं. एकदा चालू झाली की दिवसभर घोर नाही. आणि हे रोजचंही नाही. आठ दिवस सगळं गोड, नवव्या दिवशी माल भरलेला असताना हमखास.

आमचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो. 60 कॅरेट म्हणजे 1200 किलो. एवढ्या वजनाच्या गाडीला पहाटे साडेपाचला धक्का मारायला माणसं कुठून आणायची? आणली तरी धक्का दर वेळी लागू पडतोच असं नाही, ते पुढे येईलच.

दीड वर्षात मी काय काय केलं ते ऐका. पहिल्यांदा बॅटरी बदलली, 7,400 रुपये. दोन महिने गाडी मस्त. पाऊस लागला, पुन्हा टक्. मेस्त्री म्हणाला, सेल्फ गेला. सेल्फ उतरवून कार्बन, बुश, सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा चुंबकी खटका) सगळं नवं टाकलं, 2,900 रुपये. तीन महिने मस्त. थंडी पडली, पुन्हा टक्. मग इग्निशन स्विच, 1,100 रुपये. तीन आठवडे मस्त. शेवटी दुखणं सापडलं ते 250 रुपयांच्या एका पट्टीत.

मेस्त्र्याला मी बोल लावत नाही. दर वेळी त्याच्या कामानंतर गाडी खरंच चालत होती, मग त्याने तरी काय समजायचं? गोम अशी आहे की बॅटरी बदलताना टर्मिनल घासले जातात, केबली हलतात. सेल्फ उतरवताना शेजारच्या बोल्टवरची अर्थची पट्टी (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) सुटते आणि पुन्हा आवळली जाते. स्विचचं काम करतानाही आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढतात आणि मग परत बसवतात. खराब जोड नुसता हलला तरी थोडे दिवस धरतो. गुण येत होता हलवाहलवीचा, आणि नाव होत होतं नव्या पार्टचं. अधूनमधून येणाऱ्या दुखण्याची हीच चोरवाट आहे. गाडी शहाण्यासारखी चालत असताना गॅरेजला नेऊन केलेली तपासणी फुकट जाते. मीटर लावायचा तो टक् होतं त्याच क्षणी, आपल्याच अंगणात.

त्याआधी एक काम बिनपैशाचं आहे. डॅशबोर्डमध्ये एक छोटी वही ठेवा आणि नखरा केला की दोन ओळी लिहा: वेळ, इंजिन थंड होतं की गरम, गाडी कुठे आणि कशी उभी होती, आदल्या दिवशी पाऊस किंवा धुलाई. माझ्या सहा नोंदींपैकी पाच दिवसाच्या पहिल्या सेल्फच्या निघाल्या, आणि चार वेळा आदल्या दिवशी गाडी भिजलेली. इग्निशन स्विच केबिनमध्ये असतो, त्याला पावसाशी काय घेणं? वही आधी लिहिली असती तर ते 1,100 तरी वाचले असते. पहाटेच का, याचं कारणही साधं आहे. थंड इंजिनातलं ऑइल घट्ट असतं, त्यामुळे इंजिन फिरवायला सेल्फला सगळ्यात जास्त करंट पहिल्याच वेळी लागतो. दुपारी कमी करंटवर भागतं, म्हणून आजारी जोडही तेवढं काम निभावून नेतो.

आधी कान, मग पाना

चावी मारल्यावर इंजिन फिरतं की नाही, हा पहिला फाटा. ‘गाडी स्टार्ट होत नाही’ हे वाक्य दोन्हीकडे लागू पडतं. फोनवर मेस्त्र्याला तेवढंच सांगितलंत तर तो सांगेल ते औषध निम्म्या वेळा दुसऱ्याच रोगाचं असणार.

इंजिन फिरतच नसेल तर आवाज ऐका. टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर सोलेनॉइड ओढतो, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो आणि पुन्हा ओढतो. असं झालं की बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच जाड टक् आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइडपर्यंत हुकूम पोचलाय, पण मोटर फिरवण्याइतका करंट पोचत नाही किंवा सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट खाल्ले गेलेत. अजिबात आवाज नसेल तर फ्यूज, सेल्फचा रिले, इग्निशन स्विच, किंवा क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाडीत पेडलजवळचा क्लच स्विच. गर्रर्र करून सेल्फ एकटाच मोकळा फिरतो आणि इंजिन ढिम्म, तर बेंडिक्स (सेल्फचं पुढे सरकणारं दातेरी चाक) किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते.

टक् वाल्यांनी एक सोपी गोष्ट करून बघावी. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवा विझल्यासारखा झाला तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. दिवा तसाच झगझगीत राहिला आणि सेल्फ मेलेला, तर बॅटरीच्या मागे लागू नका, करंट वाटेत कुठेतरी अडतोय. काही गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप बंद होतो, तिथे केबिनच्या दिव्याकडे बघा. माझा दिवा पहिल्यापासून झगझगीत राहत होता. दीड वर्ष तो मला सांगत होता, मी बघत नव्हतो.

मीटरवरचे आकडे

साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. त्याचा खटका डीसी 20 व्होल्टवर ठेवायचा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड, गळ्यातलं उपरणं काढून बाजूला. चावी मारायला घरातलं कोणीतरी. माझ्याकडे हे काम नववीतल्या मुलीने केलं आणि आता तिला मेस्त्र्यापेक्षा जास्त कळतं असं तिचं म्हणणं आहे.

पहिला आकडा पहाटे, चावीला हात लावण्याआधी, बॅटरीच्या दोन टोकांवर. 12.6 च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी नुकतीच बंद केलेली असताना मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला दिसतो. बॅटरी चांगली असून पहाटे रोज उतरलेली मिळत असेल तर रात्री कोणीतरी करंट पीत आहे. माझ्या मावसभावाच्या गाडीत म्युझिक सिस्टिमचा अ‍ॅम्प्लिफायर चावी काढल्यावरही जागा राहायचा आणि 0.6 अँपिअर ओढायचा. हा आकडा छोटा वाटतो, पण शनिवार-रविवारच्या 48 तासांत तो जवळपास 29 अँपिअर-अवर पिऊन टाकतो, म्हणजे 80 अँपिअर-अवरच्या बॅटरीचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्तच. गाडी बंद करून अर्धा तास थांबल्यावर हा करंट 0.05 अँपिअरच्या आत असायला हवा. तो मोजायला निगेटिव्ह केबल काढून केबल आणि बॅटरीच्या मधे मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावतात. मीटर तसा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, फ्यूज जाईल नाहीतर मीटरच.

दुसरा आकडा सेल्फ मारत असताना, पुन्हा बॅटरीवरच. मीटरच्या सुया शिशाच्या खुंटीवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. 10 च्या वर राहिला तर उत्तम. 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी तपासून घ्या. माझ्या बॅटरीवर, सेल्फ कण्हत असताना, 11.3 दिसले. मी खूश झालो, म्हटलं बॅटरी काय दणकट आहे! नंतर डोक्यात प्रकाश पडला. सेल्फ नेहमीसारखा करंट ओढत असता तर बॅटरी 10-10.5 पर्यंत दबली असती. ती दबत नाही याचाच अर्थ तिच्याकडून कोणी नीट घेतच नाही. सेल्फ सुस्त आणि बॅटरी टवटवीत ही जोडी दिसली की वाटेत अडथळा आहे असं समजा.

तो अडथळा शोधायचा आकडा तिसरा, आणि या सगळ्या लिखाणाचं कारण तोच आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. रंग नसलेला एखादा बोल्ट बघा. आता सेल्फ मारा. खरं तर दोन्ही टोकं निगेटिव्हच आहेत, तेव्हा मीटरवर शून्याच्या जवळच काहीतरी दिसायला हवं, 0.2 किंवा फार तर 0.3. माझ्याकडे 2.75 आले. म्हणजे सेल्फच्या वाट्याचे पावणेतीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच खाल्ले जात होते.

मग ती वाट तुकड्यातुकड्याने मोजली. खुंटी ते क्लॅम्प 0.04. क्लॅम्प ते केबल जिथे चॅसीला बसते तो बोल्ट 0.11. चॅसी ते इंजिन 2.6. चोर तिसऱ्या घरात. असंच प्लसच्या बाजूलाही करायचं: बॅटरीचं प्लस ते सेल्फवरचा जाड नट, सेल्फ मारताना 0.5 च्या आत. तिथे हात घालताना पाना किंवा सुई बॉडीला टेकणार नाही एवढं सांभाळा.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण गॅरेजमध्ये तो सर्रास दिसतो. मेस्त्र्याने त्या पट्टीला मीटरची ‘बीप’ लावून दाखवली होती. बीप वाजली, म्हणजे पट्टी चांगली, विषय संपला. पण हिशोब करा. सेल्फ 150 अँपिअर ओढत असेल तर 2.6 व्होल्ट खायला फक्त 0.017 ओहम पुरे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स याहून जास्त असतो. त्याला हा अडथळा दिसणार कसा? बीप नुसती तार जोडलेली आहे का एवढंच सांगते. एखाद्या दोरीने पोहऱ्यातलं पाणी ओढता येतं म्हणून तीच दोरी बैल धरील असं नाही. जाड करंट वाहत असतानाच मोजायचं.

चौथा आकडा इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर: 13.8 ते 14.5 च्या दरम्यान. 12.5 च्या आसपासच राहिला तर अल्टरनेटर भरत नाही. 15 च्या वर गेला तर जास्त भरून बॅटरी उकळवतोय. काही नव्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हे चार्जिंग स्वतः कमीजास्त करतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका.

ती पट्टी

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून चॅसीपासून गिअरबॉक्सपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी असते, बोटभर रुंद, वीतभर लांब. सेल्फचा सगळा करंट तिच्यातून बॅटरीला परत जातो. खाली, सेल्फच्या शेजारी, चाकाने उडवलेला चिखल जिथे थेट बसतो तिथे ती लोंबत असते. गाडीखाली उताणं झोपल्याशिवाय दिसत नाही.

मी झोपलो. वरून पट्टी ठणठणीत होती, बोल्टही घट्ट. 13 नंबरच्या पान्याने सोडला तेव्हा लगच्या (पट्टीच्या टोकाच्या भोकाच्या चकतीच्या) खालून पांढरट-हिरवी पूड सांडली, थेट माझ्या मिशीत. चॅसीची जागा तांबेरलेली, लगचं बूड काळं ठिक्कर. पट्टी लगजवळ जराशी वाकवली तर आतल्या तारा भाजलेल्या शेवयांसारख्या कट्कट् तुटल्या. बाहेरच्या तारा शाबूत, आतल्या सगळ्या हिरव्या. ओल लागली की तो जोड अजून बिघडायचा, सुकला की थोडा सुधारायचा.

एवढी का सडली, तेही माझंच कर्तृत्व. परतीच्या फेरीला मी युरिया आणि डीएपीच्या गोण्या आणतो. एखादी गोणी फाटते, खत हौद्यात सांडतं, मी पाइप लावून हौदा धुतो, आणि ते खारट पाणी चॅसीवरून ओघळत बरोबर तिथे जातं. खताने तांबं आणि लोखंड दोन्ही खाल्लं जातं. मासळी किंवा मीठ वाहणाऱ्यांनी तर ही जागा दर वर्षी उघडून बघावी.

आणखी एक खूण होती, जी मी चेष्टेवारी नेली होती. पहाटे चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर गिअरच्या केबलच्या टोकाला रबर जळाल्यासारखा वास यायचा, हात लावला तर कोमट. करंटला पट्टीतून जाता आलं नाही की तो इंजिन आणि केबिन जोडणारी मिळेल ती धातूची वाट धरतो: गिअरची केबल, क्लचची केबल. सेल्फ मारताना यातलं काही गरम होत असेल तर मीटर आणायचीही गरज नाही, सरळ गाडीखाली जा.

दुरुस्ती अशी केली. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढलं. प्लस आधी काढताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी होते. चॅसी आणि गिअरबॉक्स दोन्हीकडच्या जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासल्या. नवी पट्टी जुन्यापेक्षा जरा जाड घेतली. खाली दात्यांचा वॉशर, बोल्ट करकचून. व्हॅसलीन सगळ्यात शेवटी, वरून. लगच्या खाली आधीच फासलं तर धातूला धातू नीट टेकत नाही. शिवाय चॅसीच्या दुसऱ्या बोल्टवरून इंजिनाला एक जादा केबल टाकली. तुमच्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सरची डबी असेल तर जादा केबल खुंटीला लावू नका, चॅसीलाच लावा, नाहीतर सेन्सरला चुकवून करंट जाईल आणि ईसीयूचा हिशोब चुकेल.

त्यानंतर तिसरा आकडा 0.15 आला. बॅटरी सेल्फ मारताना 10.4 पर्यंत दबू लागली, आणि ते बघून मला आनंद झाला.

इंजिन फिरतं पण पेटत नाही

दोन महिन्यांनी पहाटे पुन्हा गाडी चालू होईना. बायको म्हणाली, गेले तुझे अडीचशे. पण या वेळी सेल्फ झकास फिरत होता, इंजिन गरागरा फिरत होतं आणि पेटत नव्हतं. वीस सेकंदांच्या कुथण्यानंतर एकदाची भडकली. हा दुसरा फाटा, दुसरा रोग. चार दिवसांपूर्वी डिझेल फिल्टर बदललेला होता.

वहीने इथेही हात दिला. घरासमोर गाडी चढावर उभी असते, तोंड वर. बाजारात सपाटीवर चार तास उभी राहिली तरी पहिल्या झटक्यात चालू. एक रात्र मुद्दाम उलटी लावली, तोंड उताराकडे, आणि पहाटे टिचकीत पेटली. याचा अर्थ रात्रभरात लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरत होतं, म्हणजे कुठूनतरी हवा शिरत होती. डिझेलचा थेंबही बाहेर दिसत नव्हता, आणि लोक फसतात ते इथेच. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते.

फिल्टरवर हातपंप असेल तर पहाटे चावीआधी तो दाबून बघा. दहा-पंधरा वेळा पोचट लागला आणि मग कडक होऊन गाडी पेटली, तर निदान झालं. पक्कं करायचं असेल तर फिल्टरच्या पुढच्या पाइपच्या जागी थोडा वेळ डिझेल सोसणारी पारदर्शक नळी लावा. बुडबुडे दिसले की एकेक जोड मागे मागे तपासत जायचं. माझ्याकडे फिल्टरच्या क्लिपच्या जोडातली रबरी रिंग बसवताना कापली गेली होती. ती बदलली, विषय संपला. टाकीतच इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत हातपंप बहुधा नसतो. तिथे चावी ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद गुंईं ऐकू येतं का ते बघा.

हवेशिवायची कारणं शोधायला सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. थंडीत हीटर प्लग (सिलिंडर आतून तापवणारा), नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाणं). धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासा उचलतो. तो मेल्यासारखा पडून राहिला तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) आधी तपासा. हा सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो, म्हणून माळशेज चढून आल्यावर चहाला थांबलात आणि नंतर गाडी पेटत नाही, अर्ध्या तासाने आपोआप पेटते, असं असेल तर संशय त्याच्यावर. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाही, दुसरी चावी लावून बघा.

जानेवारीत जुन्नरकडे पारा 8-10 अंशांवर येतो तेव्हा हीटर प्लग खरे कामाला लागतात. ते तपासायला बॅटरीतून थेट 12 व्होल्ट देऊ नका. नव्या गाड्यांतले काही प्लग 5-7 व्होल्टचे असतात, एका झटक्यात जळतील. मीटरने रेझिस्टन्स बघा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा खाली दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. पावसाळ्यात पाणी मिसळलेलं डिझेल भरलं गेलं की वेगळाच ताप. फिल्टरच्या तळाचा नट सोडून काचेच्या बाटलीत थोडं काढा आणि दहा मिनिटं थांबा, पाणी खाली बसलेलं स्पष्ट दिसेल.

बाजारात मदतीला येणाऱ्यांपासून सावध

बाजारात गाडी बंद पडली की मदतीला दहा जण धावतात आणि त्यातला एक मोठ्या ट्रकवरून जंप द्यायला, म्हणजे त्याच्या बॅटरीचा करंट केबलने जोडायला, निघतो. मोठ्या ट्रकची सिस्टिम 24 व्होल्टची असते. तिच्यावरून 12 व्होल्टच्या पिकअपला जंप दिला तर ईसीयू, अल्टरनेटर, जे सापडेल ते जाईल. जंप 12 वरूनच घ्या: आधी प्लसला प्लस, मग चांगल्या गाडीचं निगेटिव्ह, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या धातूला. बंद गाडीची अर्थ पट्टीच खराब असेल तर नेमकं हे शेवटचं टोक इंजिनाला लावल्यानेच ती झटक्यात चालू होते. मला असा जंप दोनदा मिळाला होता. दोन्ही वेळा मी बॅटरीलाच शिव्या दिल्या.

दुसरा मदतनीस चालू गाडीचं टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर बघतो’ म्हणतो. त्याचा हात धरा. व्होल्टेज उसळून डायोड आणि ईसीयू जातात, आणि चौथा आकडा तेच न काढता सांगतो. तिसरा नॉझलचे (डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे) नट ढिले करून हवा काढायला बसतो. जुन्या पंपाच्या इंजिनात ते चालायचं. कॉमन रेलमध्ये चालू इंजिनाचा दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडीतून आत शिरते. चौथा एअर फिल्टरमध्ये झटकन पेट घेणारा स्टार्टिंग स्प्रे मारतो. हीटर प्लग लाल असताना तो नको तेव्हा पेटतो आणि पिस्टन फोडू शकतो. धक्क्याचंही तेच. जुनी इंजिनं धक्क्यावर पेटायची, पण कॉमन रेलला ईसीयू आणि नॉझल उघडायला करंट लागतोच. बॅटरी पार मेलेली असेल तर दहा जणांनी ढकलून फक्त घाम निघतो. माझ्यासारखं, बॅटरी भरलेली आणि वाट अडलेली असेल तर मात्र धक्का लागू पडतो, आणि तीही एक खूणच समजा.

आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे मिनिटभर थंड होऊ द्या. मी त्या वैतागात सलग किती वेळ मारला असेल देव जाणे. 2,900 मधला निम्मा खर्च तरी त्याचाच असणार.

आता बॉनेटच्या आतल्या बाजूला मी मार्करने लिहून ठेवलंय: 12.6, 10.4, 0.15, 14.2, आणि खाली तारीख. दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की मुलगी चावी मारते आणि मी मीटर धरतो. परवा सर्व्हिसिंगला बॉनेट उघडल्यावर मेस्त्र्याने ते वाचलं आणि विचारलं, "हा कुणाचा लॉटरीचा नंबर?"